अश्वाची ग्रीवास्थिती व मानसिक ताण : औषध देण्यापूर्वी

लग्नसराई सुरू झाली की आंजी (मोठी) परिसरात वरातीचे घोडे दिसू लागतात आणि चिकित्सालयात एक ठरावीक मागणी येते : "डॉक्टरसाहेब, घोडा बिथरतो, डोकं शांत राहील असं काही द्या." औषधी विक्रेत्या बंधूंनाही हा अनुभव असेलच. ब्राह्मी-जटामांसीची पुडी बांधून देणे सोपे आहे. परंतु निदानपरिवर्जनाला चिकित्सेत अग्रस्थान देणाऱ्या आपण तेथे थांबावयास हवे.

दोन वर्षांपूर्वी असाच एक घोडा पाहण्यात आला. त्यास नाच शिकविला जात होता. मान कमानदार दिसावी म्हणून मालकाने लगाम आखडून खोगिरास बांधला होता. हनुवटी छातीस टेकावयाचीच बाकी होती. ताणलेल्या नाकपुड्या, शेपटीची सतत झटक, दात खाणे आणि श्रमाच्या मानाने फार घाम. ओठाच्या कोपऱ्यात कडियाळ्याने झालेला व्रण. लगाम सोडताच त्याने मान लांब करून खाली टाकली व नाक फुरफुरविले.

याचे कारण शरीररचनेत आहे. धाप लागली की मनुष्य तोंडाने श्वास घेतो. मृदुतालू व स्वरयंत्र यांच्या विशिष्ट रचनेमुळे घोड्यास ते साधत नाही, तो नाकानेच श्वसन करतो. हनुवटी आत ओढली की घशाचा मार्ग अरुंद होतो व श्वास आत घेण्यास अधिक जोर लागतो. शिवाय नेत्र मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने, नाक उभ्या रेषेच्या मागे गेले की समोरचे नीट दिसत नाही. अशा अवस्थेत बँड, फटाके व गर्दी ! प्राणवायूचे स्थान मूर्धा आणि संचार उर-कंठात, हे ध्यानी घेतल्यास अवरोध नेमका कोठे होतो ते उमगते. (हा अन्वय प्रस्तुत लेखकाचा आहे, ग्रंथवचन नव्हे.)

युरोपात स्पर्धेच्या घोड्यांबाबत हाच वाद दीर्घकाळ चालला. बळाने मान अतिवक्र करणे स्वीकारार्ह नाही, असे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१० मध्ये स्पष्ट केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात अतिवक्र मानेने काम केल्यानंतर लगेच लाळेतील कॉर्टिसोल वाढलेले आढळले. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष असे एकमुखी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सवय व स्वाराचा हात यांनी फरक पडतो.

शालिहोत्र, नकुल, जयदत्त यांची अश्ववैद्यकाची परंपरा आपलीच आहे. नकुलाचे 'अश्वशास्त्रम्' तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ मध्ये सचित्र प्रसिद्ध केले. तरीही परंपरेचा अभिमान म्हणजे चिकित्सेचा अधिकार नव्हे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. मनुष्याच्या मात्रेस अंदाजाने आठ-दहाने गुणून घोड्यास चूर्ण देणे तर सर्वथा अनुचित. त्यातून घोडा खरोखरच मंदावला, तर वेदना तशीच राहते आणि ती सांगणारी लक्षणे तेवढी झाकली जातात.

म्हणून मागणी आल्यास प्रथम लगाम कसा बांधतात ते विचारावे. नाक उभ्या रेषेच्या पुढे राहू द्यावे, शिकवणी थोडा-थोडा वेळ घ्यावी, मधून मधून मान लांब सोडू द्यावी, आणि मुखव्रण असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात धाडावे.

त्या मालकास मी एवढेच सांगून चूर्ण नाकारले. तो म्हणाला, "मान टाकलेला घोडा वरातीला कोण नेईल, साहेब ?" सारंगखेड्याच्या यात्रेत नाचऱ्या घोड्यास मिळणारे मोल त्याच्या डोळ्यांपुढे होते. व्रण भरेपर्यंत त्याने लगाम बांधला नाही. पुढे वरातीत घोडा दिसला तेव्हा लगाम पूर्वीपेक्षा चार बोटे सैल होता. त्याहून अधिक नाही.