लांबून आलेली लाट

पॅसिफिक महासागरात ताहिती नावाचे बेट आहे. त्याच्या कडेने पोवळ्यांचा खडक आहे. तेथील तेआहुपो गावासमोर लोक फळीवर उभे राहून लाटेवरून घसरतात. २०२४ साली ऑलिंपिकमधली ही शर्यत तेथेच झाली.

आता नवल पहा. आभाळ निरभ्र असते, वारा पडलेला असतो, तरी घराएवढी लाट येते! ती येते कुठून? दूर दक्षिणेला वादळ होते. त्याने उठलेली लाट हजारो मैल चालत येते. खोल पाण्यात ती फारशी कळत नाही. खडकावर पाणी उथळ. तिथे तिचा पाय अडतो, डोके पुढे जाते आणि ती धाडकन कोसळते. खाली धारदार पोवळे! पडला त्याचे अंग सोलून निघते.

म्हणून जाणती माणसे नुसते आभाळ बघत नाहीत. दोन लाटांमध्ये किती वेळ जातो, ते मोजतात. वेळ जास्त, तर लाटेत जोर जास्त.

आपल्या कोकणातही अशी लांबची लाट येते. हैदराबादची सरकारी संस्था तिचा इशारा देते. इशारा आला, की होडी वर ओढून घ्या. स्वच्छ आभाळाला भुलू नका.

सांगा पाहू : वारा नसताना मोठी लाट का येते?