ब्रेक नसलेली मोटारसायकल

प्रश्न : माझं मिरजेत दुचाकीचं गॅरेज आहे. मुलगा यंदा दहावी झाला. तो मोबाइलवर सारखा पोलंडमधल्या मोटारसायकल शर्यती बघत असतो. त्या गाड्यांना ब्रेक नसतात म्हणे, आणि वळण डावीकडे असलं तरी हँडल उजवीकडे फिरलेलं दिसतं. हे कसं काय? आणि या खेळावर पोट भरतं का? त्याला यातच पडायचं आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर : मुलानं बरोबर पाहिलंय. या खेळाला स्पीडवे म्हणतात. गाडी 500 सीसीची, एका सिलिंडरची, मेथॅनॉलवर चालणारी. वजन 77 किलोच्या आसपास. गिअर एकच, क्लच आहे, ब्रेक एकही नाही. लंबगोल मातीच्या ट्रॅकवर चार स्वार चार फेऱ्या मारतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. सगळा मामला साधारण मिनिटभरात संपतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य.

आता हँडलचं. तुम्ही गाड्या दुरुस्त करता, तेव्हा तुम्हाला हे पटकन कळेल. ओल्या मुरमावर वळताना जास्त रेस दिली की मागचं चाक बाहेर फेकलं जातं आणि आपला हात न सांगता हँडल उलटं फिरवतो. आपल्या बाबतीत तो अपघात असतो, स्पीडवेवाला मात्र तेच मुद्दाम घडवून आणतो. वळणाच्या तोंडाशी तो मागचं चाक घसरवतो. गाडीचं तोंड आत वळतं, पण गाडी सरकत असते पुढे आणि बाहेरच्या अंगाला. पुढच्या चाकाला गाडी जिकडे चालली आहे तिकडेच बघावं लागतं, म्हणून ते उजवीकडे फिरलेलं दिसतं. मागचं चाक गरागरा फिरत गाडीला आतल्या बाजूला ढकलत राहतं. म्हणजे वळण हँडलनं नाही, रेसनं घेतलं जातं. इथे एक गोष्ट मुलाला नीट समजावून सांगा. घाबरून रेस एकदम सोडली की मागचं टायर पकड घेतं आणि गाडी स्वाराला उलट्या बाजूला भिरकावते. नवशिके पडतात ते बहुतेक असेच.

ब्रेक नसणं हा सुरक्षिततेचाच भाग आहे. चौघं एकमेकांना खेटून वळणात शिरलेले असताना पुढच्यानं ब्रेक दाबला तर मागचा थेट त्याच्या अंगावर जाईल. ब्रेक नसला की पुढचा अचानक थांबणार नाही, हे मागच्याला पक्कं ठाऊक असतं.

स्वाराच्या डाव्या पायाकडे मुद्दाम बघा. बुटाखाली पोलादी पत्र्याचा जोडा बांधलेला असतो. वळणात तो पाय जमिनीला टेकवून स्वार त्यावर तोल राखतो, आणि पत्रा मातीवरून घासत जातो. साध्या बुटाचा तळ एका दिवसात उडाला असता. उजव्या मनगटाला एक दोरी असते. तिचं दुसरं टोक इग्निशनच्या स्विचला अडकवलेलं असतं. स्वार पडला की दोरी निसटते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. ट्रॅकचीही निगा राखावी लागते. पाणी मारायचं, ट्रॅक्टरनं माती सारखी करायची. आखाड्यातली माती वस्ताद ज्या काळजीनं राखतो, तसंच.

या खेळाचा जन्म 1920च्या दशकात ऑस्ट्रेलियातला. 1928 मध्ये तो इंग्लंडला पोचला. पहिली जागतिक स्पर्धा 1936 साली लंडनच्या वेम्बलीवर झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्रागनं ती जिंकली. पण आज या खेळाची पंढरी पोलंड. वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमवर स्पीडवे बघायला पन्नास हजारांवर माणूस जमलेला आहे.

पोलंड आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला कॅम्पमध्ये राहिले. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरचंच ते गाव. कॅम्प 1948 मध्ये उठला, आणि पोलंडची सांघिक स्पीडवे लीगही 1948 मध्येच सुरू झाली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण तुमचा मुलगा ज्या देशाच्या शर्यती बघतोय, त्या देशाची पोरं कधीकाळी आपल्या शेजारच्या मातीत खेळली होती, हे त्याला जरूर सांगा.

या खेळाशी आपली दुसरी ओळख जावाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या गाड्या आणि पुढे येझदी तुमच्या गॅरेजनं नक्कीच पाहिल्या असतील. त्याच मूळच्या चेक जावा कंपनीची स्पीडवे इंजिनं वर्षानुवर्षं जागतिक मैदानात धावली.

आता पोटापाण्याचं. युरोपात स्पीडवे हा पूर्णवेळचा धंदा आहे. एकच स्वार पोलंड, स्वीडन, डेन्मार्क अशा दोन-तीन देशांच्या क्लबांकडून खेळतो. आज इथे शर्यत, रात्रभर व्हॅनमधून प्रवास, उद्या दुसऱ्या देशात. पैसे बरेचदा गुणांवर ठरतात. गाड्या, सुटे भाग, मेकॅनिकचा पगार, इंजिन ट्यून करणाऱ्याचं बिल हे सगळं बहुतेकदा स्वारालाच सांभाळावं लागतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर स्वार म्हणजे एक चालतंबोलतं गॅरेज. पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक 1995 सालचा. 2019 ते 2025 या काळात त्यानं सहा जगज्जेतेपदं मिळवली आणि न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर व स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांची बरोबरी केली. पण असे किती? 2012 मध्ये इंग्लंडचा ली रिचर्डसन पोलंडमधल्या एका शर्यतीत जिवानिशी गेला. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड, पंचविशीही न गाठलेला, पडला आणि कमरेखाली लुळा झाला. मुलाला जिंकण्याचे व्हिडिओ बघू द्या, पण ही दोन नावंही ऐकवा.

आपल्याकडे स्पीडवेची लीग नाही. त्याला सर्वांत जवळचा खेळ सुपरक्रॉस. त्यात ट्रॅक मातीचाच असतो, पण उड्या असतात आणि गाडीला ब्रेकही असतात. जानेवारी 2024 मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. पुण्याच्या ऋग्वेद बारगुजेसारखे मराठी स्वार या खेळात पुढे आलेले आहेत. वाट आहे, पण ती आधी पुण्याला जाते आणि खर्चाची आहे. गाडी, अंगावरचं संरक्षक साहित्य, टायर, प्रवास, सगळं घरातून. भारतात अधिकृत शर्यतीत उतरायला फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं लायसन्स लागतं.

माझं स्पष्ट मत असं : केवळ स्पीडवेच्या भरवशावर मुलाचं शिक्षण सोडवू नका. पण त्याची आवड मोडूही नका. युरोपातल्या मुलांपाशी लहानपणापासून ट्रॅक असतो. तुमच्या मुलाकडे तो नाही, पण बापाचं गॅरेज आहे, आणि स्वारांमागे राबणारे मेकॅनिक व ट्यूनर याच खेळावर घर चालवतात. अकरावी किंवा आयटीआय चालू असताना रोज दोन तास त्याला इंजिन खोलायला बसवा. सुटीत पुण्याला नेऊन एखादी सुपरक्रॉस शर्यत दाखवा, तिथल्या स्वारांशी आणि मेकॅनिकांशी बोलू द्या. तरीही ओढ टिकली तर शिकवणी आणि लायसन्सचं बघा. तोवर पंढरपूर रोडवर किंवा कृष्णाघाटाच्या रेतीत गाडी घसरवून पाहणार नाही, एवढा शब्द त्याच्याकडून आजच घ्या.