आधी रसद, मग उतारा

अपठित उतारा समोर आला की आमच्या वर्गात सगळे आधी प्रश्नांकडे वळतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूचे वाक्य उतरवायचे, दोन गुण खिशात. ही युक्ती सातवीपर्यंत चालते. नववी-दहावीत मात्र प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही उतारा कळत नाही, असे होऊ लागते. आमचे मराठीचे सर म्हणतात की अशा वेळी भाषा कमी पडत नाही, विषयाची माहिती कमी पडते. या सत्रात त्यांनी ते आम्हाला करून दाखवले.

मराठी घेणारे आम्ही अकरा कॅडेट. सरांनी फळ्यावर एक प्रसंग लिहिला. मे 1791. लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज श्रीरंगपट्टणाजवळ पोहोचली. अरिकेरेची लढाई तिने जिंकली. तरीही किल्ल्याला वेढा न घालता, स्वतःच्या मोठ्या तोफा स्वतःच नष्ट करून ती मागे फिरली. थोड्याच दिवसांत मेलुकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा तिला येऊन मिळाल्या. प्रश्न एकच होता : जिंकलेला सेनापती आपल्याच तोफा का फोडतो?

श्रीरंगपट्टण म्हैसूरपासून सुमारे 15 किलोमीटर. आम्ही सगळे तिथे सहलीला जाऊन आलेलो. तरी उत्तरे आली ती अशी : घाबरला असेल, फितुरी झाली असेल, दारूगोळा भिजला असेल.

मग सरांनी आठवडाभरात तीन छोटे माहितीपर लेख वाचायला दिले. एक तोफा ओढणाऱ्या बैलांवर, एक फौजेला धान्य पुरवणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांवर, एक कावेरीच्या पावसाळ्यावर. त्यांत गोष्ट नव्हती, नायक नव्हता. खरे सांगायचे तर बैलांवरचा लेख बराच रूक्ष होता. पण सोमवारी फळ्यावरचा तोच प्रसंग पुन्हा वाचला तेव्हा ‘तोफा’ या शब्दामागे आम्हाला बैल दिसू लागले. एकेका मोठ्या तोफेला बैलांच्या कित्येक जोड्या लागत. टिपूने आसपासचा मुलूख उजाड केल्यामुळे वैरण नव्हती, बैल रोगाने आणि उपासमारीने मेले, धान्य संपत आले, नदीला पाणी चढू लागले. तोफा परत नेता येत नव्हत्या आणि शत्रूच्या हाती सोडता येत नव्हत्या. मराठी फौज जवळ आली आहे, हेही कॉर्नवॉलिसला माहीत नव्हते, कारण टिपूच्या स्वारांनी निरोपे वाटेतच अडवले होते. मराठ्यांच्या छावणीत भरलेला बाजार होता. भुकेल्या इंग्रजी फौजेने तिथून मागतील त्या भावाने धान्य घेतले.

नंतर प्रश्न आम्हीच विचारू लागलो. मराठे आधी का आले नाहीत? आमच्यातला एक जण धारवाडकडचा. परशुरामभाऊ सप्टेंबर 1790 पासून एप्रिल 1791 पर्यंत धारवाडच्या वेढ्यात अडकले होते, हे त्याने शोधून आणले. स्वतःच्या गावाचे नाव सापडल्यावर तो वाचायचा थांबेना.

शब्दांचेही तसेच. ‘बाजारबुणगे’ ही आम्हाला शिवी वाटत होती. लष्कराबरोबर चालणारी, न लढणारी माणसे हा तिचा मूळ अर्थ. जुन्या मराठी कागदांत ‘बाण’ आला की धनुष्य डोळ्यांसमोर येते, पण तिथे त्याचा अर्थ रॉकेट असतो. म्हैसूरच्या बाणांची नळी लोखंडी असे. त्यांचे नमुने इंग्लंडला गेले आणि त्यांवरूनच पुढे विल्यम काँग्रीव्हने आपली रॉकेटे केली. हे माहीत झाल्यावर तो शब्द पाठ करावा लागत नाही.

अमेरिकेत 1988 साली रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा बरीच पुढे गेली. बेसबॉल आपल्याला परका आहे. ‘फॉलोऑन’ माहीत नसलेल्याला कसोटी सामन्याचा वृत्तांत देऊन पाहा, तेच दिसेल.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे, असेच चालले तर कथा-कविता कधी वाचायच्या? मला हा विरोध पटत नाही. वेढा म्हणजे काय हे कळल्यावर ऐतिहासिक कादंबरी जास्त रंगते. शिवाय आमची अडचण वेगळी आहे. वर्गात इंग्रजी, दुकानात कन्नड आणि मराठी फक्त रविवारच्या फोनवर. जेवलास का, परेड कशी झाली, एवढ्यावरच ती थांबली तर पंचविसाव्या वर्षी आमच्याजवळ पाचवीतल्या मुलाची मराठी असेल. नदी, तोफ, कर्ज, माती यांविषयी मराठीत विचार करायचा तर त्या विषयांवरचे मराठी वाचलेच पाहिजे.

साहित्य आहे. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिक्षक होते. त्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून 1897 पासून छापायला सुरुवात केली. ती भाषा कठीण आहे. सरांबरोबर एका बैठकीत एकच पत्र पुरते. आणि इथे म्हैसूरातच, मानसगंगोत्रीला, 1969 साली स्थापन झालेले भारतीय भाषा संस्थान आहे. राष्ट्रीय अनुवाद मिशनचे काम तिथूनच चालते. विद्यापीठात शिकवले जाणारे ज्ञानग्रंथ मराठीसह भारतीय भाषांत आणणे हे त्याचे काम.

आमचा पुढचा विषय कृष्णराजसागर धरण. त्याच्या बांधकामात सुरखी वापरली होती, म्हणून आधी चुना आणि सुरखीवरचा लेख वाचायचा आणि मगच विश्वेश्वरय्यांचा धडा. पालकांना एक विनंती : आमच्या वाचनालयात मराठीच्या कपाटात कादंबऱ्या पुष्कळ आहेत, माहितीची पुस्तके जेमतेम एक फळीभर. घरी शेतीची मासिके, ट्रॅक्टरची मराठी माहितीपुस्तिका, किल्ल्यांवरची किंवा पक्ष्यांवरची पुस्तके पडून असतील तर मुलांना भेटायला येताना घेऊन या. जुनी, कव्हर फाटलेली चालतील.