यंत्राचा आकडा आणि कागदाची चिठ्ठी

निवडणुकीचा निकाल यंत्र सांगते. परंतु त्याचा काही भाग हाताने मोजून पडताळला जातो, हे पुष्कळ मतदारांस ठाऊक नसते. डिसेंबर २०१७ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत सर्व १८२ मतदारसंघांत मतदान यंत्रास चिठ्ठी छापणारे ‘व्हीव्हीपॅट’ जोडले होते. बटण दाबताच उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसते आणि मोहोरबंद पेटीत पडते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. वडोदरा लोकसभा मतदारसंघात सावली, रावपुरा, मांजलपूर इत्यादी ७ क्षेत्रे येतात. म्हणजे केंद्रे ३५. ती कोणती, हे आधी कोणासही माहीत नसते. केंद्रांचे क्रमांक लिहिलेली पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डे घडी घालून भांड्यात टाकतात व निवडणूक निर्णय अधिकारी प्रतिनिधींसमक्ष सोडत काढतात. मग बँकेतील रोखपालासारख्या जाळीच्या कक्षात चिठ्ठ्या उमेदवारवार लावून मोजतात. आकडा जुळला नाही, तर फेरमोजणी होते. तरीही तफावत राहिल्यास १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार कागदाचा आकडा ग्राह्य धरला जातो, यंत्राचा नव्हे.

ही मोजणी यंत्रांवरील मतमोजणी आटोपल्यावर होते. तोवर बाहेर गुलाल उधळू लागलेला असतो आणि पराभूत उमेदवाराच्या प्रतिनिधीस घराची ओढ लागते. आमच्या मते त्याने थांबावयाचे ते नेमके त्याच वेळी!

केंद्राध्यक्ष म्हणून नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांनी आंध्र प्रदेशातील मैदुकूरचे उदाहरण ध्यानी ठेवावे. २०१९ साली तेथील एका केंद्रावर आकडे जुळले नाहीत. कारण सकाळच्या अभिरूप मतदानातील मते यंत्रातून पुसावयाची राहिली होती. ती मते पुसणे व त्या चिठ्ठ्या काढून काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद करणे, ही दोन्ही कामे प्रत्यक्ष मतदानापूर्वीच उरकावी लागतात.

सर्वच चिठ्ठ्या का मोजू नयेत, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी तर डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकांवर स्वतःच मतदान घेण्याचे ठरविले होते. जमावबंदीमुळे तो बेत सोडावा लागला. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांस क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. त्यासाठी निकालानंतर ७ दिवसांच्या आत लेखी अर्ज करून खर्च भरावा लागतो. यंत्रात फेरफार आढळल्यास तो परत मिळतो.