एक मोटार आणि एक नियम

मोटारींची शर्यत म्हटली म्हणजे वेग एवढीच कल्पना आपल्या मनात येते. परंतु फ्रान्स देशात ल मां येथे 1923 सालापासून जी शर्यत भरते, तिची कसोटी निराळी आहे. तेथे गाडीने अहोरात्र चोवीस तास धावावयाचे असते. चालक पाळीपाळीने बदलतात. गाडी मात्र तीच राहते.

जर्मनीतील पोर्श कंपनीची 962 ही गाडी अशाच दीर्घ शर्यतींसाठी निर्माण झाली. 1986 व 1987 साली तिच्या वंशातील गाड्यांनी ल मां जिंकले. पुढे शर्यतीचे नियम बदलले आणि तिचे दिवस मावळले. तेव्हा योखेन डाउअर नामक जर्मन शर्यतपटूने तिला आम रस्त्यावर चालविण्याजोगी करण्याचे मनावर घेतले. आत चामड्याच्या बैठका आल्या, रस्त्याच्या कायद्यास अनुसरून फेरफार झाले, आणि 1993 साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. तिच्या तीन लिटरच्या इंजिनाची शक्ती सुमारे 730 अश्वशक्ती होती. 1998 साली तिचा वेग ताशी 404 किलोमीटर भरला. ह्या वेगाने अमरावतीहून निघालेला मनुष्य पाव तासात अकोल्यास पोहोचावा! अशा गाड्या जेमतेम डझनभर झाल्या.

आता पुढील गोष्ट लक्ष देऊन ऐकण्याजोगी आहे. 1994 साली ल मां येथे रस्त्यावरील गाड्यांसाठी निराळा वर्ग होता. निव्वळ शर्यतीच्या गाडीस 80 लिटर इंधनाची टाकी, तर ह्या वर्गास 120 लिटरची मुभा होती. मात्र रस्त्यावरील गाड्या किती निघाल्या पाहिजेत, ह्याचे बंधन नव्हते. पोर्शच्या साहाय्याने डाउअरची गाडी ह्या वर्गात उतरली. शेवटल्या काही तासांत आघाडीच्या टोयोटा गाडीच्या गिअरमध्ये बिघाड झाला, आणि 344 फेऱ्या पुऱ्या करून डाउअरची गाडी एका फेरीने जिंकली.

नियमभंग झाला काय? मुळीच नाही. चोवीस तास न थकता धावणे हे काही कागदी चातुर्याने साधत नाही. त्या कारागिरांचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु जी गाडी शर्यतीसाठीच जन्मली, तिला रस्त्याची म्हणून सवलत मिळावी, हा नियमाचा हेतू खचित नव्हता. म्हणूनच पुढे ती पळवाट बुजविण्यात आली.

नियमाला अक्षर असते, तसा आत्माही असतो. पोलीस दिसताच शिरस्त्राण डोक्यावर चढविणारा व पुढल्या वळणावर ते काढून ठेवणारा तरुण आपल्या अमरावती-अकोला मार्गावर नित्य दिसतो. त्याने दंड चुकविला. पण नियम दंडासाठी नव्हता, त्याच्या मस्तकासाठी होता. मित्राच्या वहीवरून अभ्यास उतरविणाऱ्याची वहीही अशीच भरते, आणि डोके रिकामे राहते. शर्यतीतल्या पळवाटेने निदान एक चषक तरी मिळाला. ह्या पळवाटांनी मनुष्य स्वतःसच फसवितो. पालकांनीही मुलास केवळ 'नियम पाळलास ना?' एवढेच न विचारता, 'तो नियम कशासाठी आहे?' हेही विचारीत जावे.