जुन्या पिकअप गाडीचे डिझेल इंजिन : दोष कसा हुडकावा

भिलाईलगतच्या मरोद्याचे नाव बाहेरच्या लोकांस प्रामुख्याने तेथील तलावामुळे ठाऊक असते. ज्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली, त्यास लागणारे पाणी या तलावात साठविले जाते. अशा औद्योगिक वस्तीत भाजीपाला, सिमेंट किंवा लोखंडी सळ्या वाहणारी जुनी पिकअप गाडी हेच पुष्कळदा एखाद्या कुटुंबाचे पोट भरण्याचे साधन असते. ती एका सकाळी सुरू झाली नाही तर दिवसाची मजुरी बुडते. आणि दोष नसताना डिझेल पंप उतरविला गेला तर महिन्याची कमाई त्यात जाते. म्हणून दोष हुडकण्याचा क्रम मालकाला ठाऊक असणे इष्ट होय. येथील विवेचन संगणकीय नियंत्रण नसलेल्या इंजिनांपुरते आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या आत शिरलेल्या हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागात दाबतो; त्या संपीडनाने हवा 500 अंश सेल्सियसच्याही वर तापते, आणि नोझलमधून फवारलेले डिझेल तिच्यात आपोआप पेट घेते. यावरून हे उघड आहे की, हवा, इंधन आणि उष्णता यांपैकी एक कोठेतरी उणे पडल्याखेरीज इंजिन अडत नाही.

सर्वांत फसवा दोष इंधनाच्या नळीत हवा शिरण्याचा. मिस्त्री लोक यालाच ‘गाडीने एअर धरली’ असे म्हणतात. आदल्या संध्याकाळी गाडी सुरळीत चालते. सकाळी मात्र स्टार्टर कितीही फिरविला तरी ती उठत नाही आणि उठलीच तर अडखळत चालते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. म्हणून तेथील फटीतून डिझेल बाहेर ठिबकण्याऐवजी बाहेरची हवाच आत खेचली जाते, आणि जमिनीवर एकही थेंब न दिसल्याने मालक त्या नळीकडे पाहतही नाही. रात्री त्याच फटीमुळे नळीतील डिझेल टाकीकडे परत उतरते. हवेचा बुडबुडा दाबला जातो, पण दाब पुढे पोचवीत नाही; त्यामुळे नोझल उघडतच नाही.

परीक्षा सोपी आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवून इंजिन फिरवावे. बुडबुडे दिसल्यास टाकीकडून एकेक जोड तपासावा. बहुधा चिरलेली रबरी नळी किंवा झिजलेला तांब्याचा वॉशर सापडतो. तो बदलल्यावर फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंपाने फेस संपेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. गाडी थोडे अंतर चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. एवढ्यासाठी पंप उतरविणे म्हणजे डोकेदुखीवर दात उपटण्यासारखे आहे.

धुराचा रंगही बरेच सांगून जातो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल अधिक. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर प्रथम पाहावा. डिझेलचा वास असलेला, सकाळी रेंगाळणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा असतो. तेथे हीटर प्लग तपासावेत. रेडिएटरचे पाणी घटत असताना वास नसलेली पांढरी वाफ येत राहिली, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

पंप-नोझलमधील डिझेलचा फवारा कातडीत घुसू शकतो, म्हणून त्यासमोर हात धरू नये. रेडिएटरचे झाकणही गरम असता उघडू नये.

एवढे होऊनही गाडी उठत नसेल, तर सिलिंडरांचे संपीडन मोजून घ्यावे. चारांपैकी एकाचेच उणे आले, तर दोष त्या एकाच सिलिंडरपुरता समजून त्याचे व्हॉल्व आणि रिंगा पाहाव्यात. सर्वांचे सारखेच उणे असेल, तर इंजिन झिजले आहे आणि मिस्त्रीकडून खर्चाचा अंदाज घेऊनच ते उघडावे.