मंगळावरचे बुद्धिबळ

अमेरिकन लेखक एडगर राइस बरोज यांनी १९२२ सालच्या एका कादंबरीत मंगळवासीयांसाठी 'जेतान' नावाचे बुद्धिबळ रचले. पट १० × १० घरांचा. घरे आलटूनपालटून काळी व नारिंगी. शत्रूच्या राजकन्येच्या घरात मोहरे शिरले की डाव जिंकला.

यातला 'योद्धा' एका खेळीत आडवी-उभी दोन घरे चालतो. मधे वळला तरी चालते. समजा, तो काळ्या घरात आहे आणि राजकन्या नारिंगी घरात बसून आहे. तो तिला गाठील का?

कधीच नाही! एक घर सरकले की रंग बदलतो, दुसरे सरकले की पुन्हा पहिलाच रंग. म्हणजे १०० पैकी ५० घरे त्याला कायमची बंद. दोन ही समसंख्या आहे, एवढ्यानेच निकाल लागला.

'ड्वार' हे मोहरे मात्र तीन घरे चालते. त्याचे काय होईल? कागदावर पट आखून पाहा.